पॉवर विडर आणि ब्रश कटर उन्हाळ्यासाठी ठेवण्यापूर्वी : इंजिन आणि इंधनाची तयारी

नोकरी नागपुरात आणि शेती काटोल, कळमेश्वर किंवा सावनेरकडे, अशी विभागलेली घडी असलेली बरीच मंडळी अलीकडे पॉवर विडर आणि ब्रश कटर विकत घेतात. कपाशीची डवरणी, संत्र्याच्या झाडांमधले तण आणि धुऱ्यावरचे गवत यांसाठी ही यंत्रे जूनपासून डिसेंबरपर्यंत राबतात. नंतर काम ओसरते आणि होळीच्या सुमारास एखाद्या रविवारी ती टिनाच्या शेडमध्ये जशीच्या तशी ढकलली जातात. पुढचे तीन महिने त्यांच्याकडे कोणी पाहत नाही आणि नेमक्या याच काळात त्यांचे सर्वांत जास्त नुकसान होते. धावणाऱ्या इंजिनापेक्षा बंद ठेवलेल्या इंजिनाची काळजी अधिक घ्यावी लागते, ही गोष्ट नव्या मालकाला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

माझ्या विडरच्या पहिल्या उन्हाळ्यात मीही ते अर्धी टाकी पेट्रोल भरलेले असतानाच ठेवून दिले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला, दोन दिवसांनी जमिनीला छान वापसा आला, म्हणजे ती मशागतीला हवी तेवढीच ओली राहिली, आणि मी विडर बाहेर काढला. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तरी इंजिनाने एकदाही दाद दिली नाही. गावातल्या मिस्त्रींनी कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची वाटी उघडून माझ्यासमोर धरली. तळाशी मधासारखा पिवळसर, चिकट थर बसला होता, पेट्रोल ज्या बारीक छिद्रातून जाते त्या पितळी जेटभोवती तुरटीच्या चुऱ्यासारखी पांढरट-हिरवी पूड जमली होती आणि वास पेट्रोलचा नव्हता, जुन्या वार्निशचा होता. ‘‘भाऊ, इंजिनले काही नाही झालं, पेट्रोल सडलं,’’ एवढेच ते म्हणाले. जेट साफ होऊन यंत्र सुरू होईपर्यंत चार दिवस गेले, तेवढ्यात पुन्हा पाऊस लागला आणि वापसा हातचा गेला. ज्या कामासाठी यंत्र घेतले ते काम त्या आठवड्यात बैलजोडी भाड्याने आणून करावे लागले.

पेट्रोल का बिघडते

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातला हलका भाग सर्वांत आधी उडून जातो आणि थंड इंजिन पहिल्या दोरीला सुरू होते ते याच हलक्या भागामुळे. उरलेल्या भागातील काही घटक हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यांचा डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. ही क्रिया उष्णतेने वेग घेते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टिनाखाली काय होत असेल, हे दुपारी दोन वाजता शेडमध्ये शिरून पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

टाकी रोज श्वास घेते, असे म्हटले तरी चालेल. दिवसा पेट्रोल तापून त्याची वाफ झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडते आणि रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. मार्च ते मे या काळात आपल्याकडची हवा कोरडी असल्याने मुख्य नुकसान हलका भाग उडून जाण्याचे असते. जूनमध्ये मात्र तीच हवा दमट होते आणि टाकीत बाष्प नेऊ लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. शोषलेले पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. इंधनाची नळी तळातूनच ओढत असल्याने इंजिनाच्या वाट्याला नेमका हाच थर येतो. ब्रश कटर टू-स्ट्रोक असेल तर हे अधिक धोक्याचे आहे, कारण त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच पिस्टनचे एकमेव वंगण असते आणि ते वरच्या पेट्रोलच्या थरातच राहते. तळचा थर ओढणारे इंजिन जवळजवळ कोरडे चालते. तसे चालल्यास सिलिंडरवर ओरखडे पडून पिस्टन जाम होऊ शकतो.

आता जेटचा आकार लक्षात घ्यावा. विडरच्या कार्बोरेटरमधील मुख्य जेटचे छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि संथ गतीसाठी असलेले छिद्र त्याहून बारीक. चिकट पदार्थाचा केसाएवढा थरही त्याला पुरतो.

टाकी रिकामी ठेवावी की पूर्ण भरावी

या प्रश्नावर दोन मते आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली पद्धत म्हणजे टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण कोरडे करणे. दुसरी म्हणजे ताज्या पेट्रोलमध्ये फ्युएल स्टॅबिलायझर नावाचे टिकाऊपणा देणारे रसायन बाटलीवरील प्रमाणात मिसळून टाकी काठोकाठ भरणे, जेणेकरून आत हवेला जागाच राहणार नाही. थंड प्रदेशांत दुसरी पद्धत पुष्कळ चालते. गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल पाहिल्या असतील. बर्फ वितळला की त्यांनाही पुढच्या हिवाळ्यापर्यंत असेच ठेवावे लागते, आणि ज्या देशांत त्या घरोघरी आहेत तिथे स्टॅबिलायझर घालणे व इंजिनात वंगणाचा फवारा मारणे ही नेहमीची कामे आहेत. तत्त्व तिथेही हेच आहे, फक्त त्यांचे यंत्र थंड गॅरेजमध्ये उन्हाळा काढते आणि आपले तापलेल्या टिनाखाली.

म्हणूनच आपल्या उन्हाळ्यासाठी आणि एवढ्या लहान टाकीसाठी माझा सल्ला स्पष्टपणे रिकामे ठेवण्याचा आहे. टिनाखाली तीन-चार लिटर पेट्रोल तीन महिने साठवणे हे बिघाडापेक्षाही आगीच्या दृष्टीने अयोग्य आहे. त्यातून ज्यांना भरूनच ठेवायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच घालायचे असते, घातल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवून ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचवावे लागते आणि आधीच बिघडलेले पेट्रोल त्याने सुधारत नाही.

कामाला लागण्यापूर्वी

हे काम सकाळी, उघड्यावर आणि सावलीत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. म्हणून चूल, शेकोटी, पेटलेली विडी आणि वेल्डिंग यांपासून पुरेसे दूर बसावे, आणि शेडचे दार लावून आत बसून तर हे काम कधीच करू नये. पेट्रोल काढण्यासाठी घट्ट झाकणाचा धातूचा डबा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्यावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल ठेवण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे, कारण ती बाटली गळू शकते आणि शेतातल्या मजुराने किंवा लहान मुलाने ती पाण्याची समजून उचलली तर अनर्थ होतो.

जवळ असू द्यावे ते सामान एवढेच : प्लग पाना, एक मध्यम पेचकस, दहा नंबरचा पाना, स्वच्छ सुती चिंध्या, एक काचेची पारदर्शक बरणी, नवे इंजिन ऑइल आणि यंत्राची पुस्तिका. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून तिची प्रत मागून घ्यावी, कारण ऑइलचा दर्जा आणि प्रमाण यांबाबत शेवटचा शब्द तिचाच असतो.

आधी धुणे, मग तापवणे

यंत्रावरची माती आणि सुकलेले गवत आधी काढावे. सिलिंडरच्या बाहेर ज्या पातळ पट्ट्या दिसतात त्यांच्या फटींतून हवा जाऊन इंजिन गार राहते. त्या फटींत माती भरलेली असल्यास लाकडी काडीने आणि ब्रशने ती मोकळी करावी. जोरदार फवाऱ्याने धुऊ नये, कारण पाणी एअर फिल्टर, सायलेन्सर आणि वायरिंगमध्ये शिरते. ओले फडके पुष्कळ झाले. धुतल्यावर थोडे ताजे पेट्रोल घालून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे आत-बाहेर राहिलेला ओलावा निघून जातो आणि ऑइलही पातळ होते.

फोर-स्ट्रोक विडरचे ऑइल याच वेळी, इंजिन कोमट असताना बदलावे. अनेकांना हे अनावश्यक वाटते, कारण यंत्र तर आता चालणारच नाही. पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळलेल्या इंधनाचे आम्ल, थोडे पेट्रोल आणि बाष्प मिसळलेले असते आणि तीन महिने ते बेअरिंगवर बसून राहिले तर धातू खाते. कोमट ऑइल तळाची काजळी सोबत घेऊन बाहेर पडते, गार ऑइल ती तिथेच सोडते. सुमारे २०० सीसीच्या विडर इंजिनात साधारणपणे ०.६ लिटर ऑइल मावते, तरी भरताना इंजिन सपाट जमिनीवर ठेवून पातळी काडीनेच पाहावी. काढलेले ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे. ते धुऱ्यावर किंवा विहिरीच्या बाजूला ओतण्याचा विचारही करू नये.

टू-स्ट्रोक ब्रश कटरला वेगळे इंजिन ऑइल नसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही पायरी येत नाही.

ऑइल बदलून झाले की थांबावे. सायलेन्सर हाताने धरता येईल इतका गार होईपर्यंत पेट्रोलला हात लावायचा नाही, मग त्यासाठी तासभर लागला तरी चालेल. घाईने तापलेल्या इंजिनाशेजारी टाकी उपसण्याइतकी मोठी चूक या संपूर्ण कामात दुसरी नाही.

विडरची टाकी आणि कार्बोरेटर

इंजिन गार झाल्यावर इंधनाचा कॉक बंद करावा, कार्बोरेटरला जोडलेली नळी काढून तिचे टोक डब्यात धरावे आणि कॉक उघडावा. टाकी रिकामी होत आली की यंत्र थोडे कलते करून तळाचे पेट्रोलही काढावे, कारण पाणी आणि कचरा तिथेच असतो. शेवटचे पाव कप पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवावे आणि उजेडात धरून पाहावे. तळाशी पाण्याची वेगळी रेघ किंवा थेंब दिसले, तर टाकीच्या झाकणाचे रबर फाटलेले आहे किंवा पेट्रोल साठवण्याचा आपला डबा पाणी धरतो आहे, असे समजावे. ही तपासणी आताच केलेली बरी, म्हणजे जूनमध्ये कारण शोधत बसावे लागत नाही.

नळी परत जोडून इंजिन सुरू करावे आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर संथ गतीत चालू द्यावे. काही वेळाने ते अडखळेल आणि आपोआप बंद पडेल. बरेच जण इथे थांबतात आणि मी सुद्धा दुसऱ्या वर्षी इथेच थांबलो होतो. परंतु मुख्य जेट वाटीच्या अगदी तळाला टेकलेला नसतो, त्यामुळे इंजिन बंद पडल्यावरही वाटीत चमचाभर पेट्रोल शिल्लक राहते, आणि डिंक धरण्याचे काम तो चमचाभर अंशच करतो. वाटीच्या खाली किंवा बाजूला एक लहान स्क्रू अथवा बोल्ट असतो. त्याखाली बरणी धरून तो सैल करावा, उरलेले थेंब गळू द्यावेत आणि वॉशर जागेवर आहे ना हे पाहून तो पुन्हा बेताने आवळावा. वाटी मऊ धातूची असते, जोर लावला तर आटे जातात.

पत्र्याची टाकी पूर्ण रिकामी ठेवली तर आतून गंजण्याची शक्यता असते. यावर उपाय सोपा आहे : दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल टाकीत घालून यंत्र सर्व बाजूंनी हळूहळू कलते करावे, म्हणजे आत पातळ थर बसतो. जूनमध्ये पहिले अर्धा लिटर पेट्रोल घालून, हलवून काढून टाकले की ते ऑइलही निघून जाते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे न केल्याने फारसे बिघडत नाही. पण ओढ्यावरचा पेट्रोल पंपसेट किंवा जनरेटर यांसारखे यंत्र पावसाळाभर बंद राहणार असेल, तर ही पायरी चुकवू नये.

ब्रश कटर

ब्रश कटरच्या कार्बोरेटरमध्ये बहुधा वाटी नसते, तर पातळ रबरी पडदे असतात आणि त्यांना डायाफ्रॅम म्हणतात. ज्या यंत्राच्या कार्बोरेटरवर पारदर्शक रबरी फुगा असतो त्याचे काम असे करावे. टाकीतले मिश्रण काढून घ्यावे आणि नंतर फुगा सात-आठ वेळा दाबावा, म्हणजे नळ्यांमधले पेट्रोल टाकीत परत येते. तेही ओतून घ्यावे. मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत संथ गतीतच चालू ठेवावे. एक-दोनदा पुन्हा दोरी ओढून उरलेसुरले संपवावे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकू दिले तर पडदे एकमेकांना किंवा धातूला चिकटतात आणि ताठ होतात, मग फुगा कितीही दाबला तरी इंधन वर येत नाही.

शेवटचे पेट्रोल संपवताना अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, ही सूचना मी मुद्दाम वेगळी देत आहे. संपत आलेल्या इंधनाबरोबर त्यातले ऑइलही संपत असते, आणि त्या क्षणी इंजिन जोरात पळवणे म्हणजे त्याला वंगणाशिवाय पळवणे होय.

काढलेले पेट्रोल विडरचे असेल, ताजे असेल आणि बरणीत पाणी दिसले नसेल तर ते त्याच दिवशी मोटारसायकलमध्ये घालून संपवावे. टू-टी मिसळलेले पेट्रोल मात्र मोटारसायकलमध्ये घालू नये. शेजाऱ्याचे टू-स्ट्रोक यंत्र चालू असेल आणि त्याचे प्रमाण तेच असेल, तर त्याला द्यावे. असे मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवण्याजोगे नसते, म्हणून हंगामाच्या अखेरीस एकाच वेळी चार-पाच लिटर मिसळून ठेवू नये. पन्नासास एक या प्रमाणात एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल लागते आणि पंचवीसास एक असल्यास ४० मिलिलिटर. आपल्या यंत्राचे प्रमाण कोणते, हे टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहावे. अंदाजाने ओतू नये.

सिलिंडरमध्ये ऑइल

इंधनाचे काम संपले की सिलिंडरच्या आतल्या भागाकडे वळावे. चालू इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर सतत वंगणाचा पातळ थर असतो. इंजिन बंद राहिले की तो हळूहळू ओघळून जातो आणि उघड्या पडलेल्या लोखंडी भागावर, विशेषतः पिस्टनच्या रिंगांजवळ, जूनच्या दमट हवेत गंज धरू लागतो.

प्लगची टोपी वळवत ओढून काढावी, प्लगभोवतीची माती फुंकून साफ करावी आणि मगच प्लग खोलावा, नाहीतर ती माती थेट पिस्टनवर पडते. छिद्रातून सुमारे एक चमचा, म्हणजे ५ ते १० मिलिलिटर स्वच्छ ऑइल सोडावे. विडरसाठी इंजिन ऑइल आणि टू-स्ट्रोकसाठी टू-टी ऑइल वापरावे. छिद्रावर फडके धरून, इंजिनाचा स्विच बंद ठेवून आणि प्लगची वायर छिद्रापासून दूर धरून दोरी पाच-सहा वेळा सावकाश ओढावी. वायर दूर ठेवणे आवश्यक आहे, कारण छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि वायरीच्या टोकाला ठिणगी पडली तर ती पेट घेऊ शकते.

प्लग हातात आहेच, तर त्याच्याकडे नीट पाहून घ्यावे. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक जळत आहे. कोरडी काळी काजळी असल्यास एअर फिल्टर भरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. टोक झिजून गोल झाले असेल तर नवा प्लग आताच आणून ठेवावा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात तो मिळेलच असे नाही. विडरच्या अनेक इंजिनांसाठी फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर सांगितलेली असते. प्लग आधी हाताने शेवटपर्यंत फिरवावा आणि मग पान्याने आवळावा. जुन्या प्लगला पाव फेऱ्याहून कमी आवळणी पुरते, नव्याला अर्धा फेरा लागतो.

यानंतरची पायरी फार थोडे लोक करतात. दोरी अतिशय सावकाश ओढत राहावे, आणि आतून स्पष्ट दाब जाणवू लागला की तिथेच थांबून दोरी हळूच परत जाऊ द्यावी. फोर-स्ट्रोक इंजिनात या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि बाहेरची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरही जादा ताण राहत नाही. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात, परंतु पिस्टन वर आलेला असल्याने सायलेन्सरकडे जाणारे छिद्र झाकले जाते.

एअर फिल्टर, नळ्या आणि तोंडे

फोमचा फिल्टर कोमट पाण्यात साबण घालून धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा आणि पुस्तिकेत सांगितले असेल तर ऑइलचे दोन थेंब लावून पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये, हलक्या हाताने झटकावा.

इंधनाची नळी दोन बोटांत वाकवून पाहावी. भेगा दिसल्या किंवा ती कडक झाली असेल तर बदलावी. नळीची किंमत किरकोळ असते, पण गळणाऱ्या नळीतून टपकणारे पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर यंत्रही जाते आणि माणसालाही धोका होतो. जुन्या यंत्रांत ती इथेनॉलमुळे लवकर खराब होते.

शेडमध्ये दोन पाहुणे हमखास येतात. उंदीर पंख्याच्या आवरणात आणि फिल्टरच्या डब्यात चिंध्या जमवून घर करतात आणि नळी व वायर कुरतडतात. दुसरी कुंभारीण माशी. तिला गोल, सुरक्षित भोक आवडते, आणि सायलेन्सरच्या तोंडात तिने मातीचे घर बांधले की इंजिनाचा धूर कोंडतो. म्हणून सायलेन्सरचे तोंड जाड फडक्याने बांधावे आणि त्याला लाल चिंधीची लांब शेपटी ठेवावी, म्हणजे जूनमध्ये ते सोडायचे राहून जाणार नाही. टाकीच्या झाकणातले छिद्र मात्र बुजवू नये.

यंत्र ठेवण्यासाठी शेडमधली उत्तरेकडची भिंत बरी, शक्य असल्यास टिनाऐवजी स्लॅबखालची खोली. खाली फळी टाकावी, यंत्र नेहमी जसे उभे असते तसेच उभे ठेवावे आणि वर सुती चादर घालावी. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नये, त्याखाली पहिल्या पावसाबरोबर घाम धरतो. युरियाच्या किंवा इतर खतांच्या पोत्यांशेजारी यंत्र ठेवू नये, कारण खत ओल ओढून घेते आणि जवळचा पत्रा व वायरींची टोके गंजवते. सेल्फ स्टार्टचा विडर असेल तर बॅटरीची ऋण वायर आधी सोडून बॅटरी घरी आणावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. गिअर बॉक्सचे ऑइल, विडरची पाती आणि ब्रश कटरच्या डोक्यातले ग्रीस ही कामेही त्याच दिवशी उरकता येतात.

शेवटी एका पुठ्ठ्यावर तारीख, घातलेले ऑइल आणि ‘टाकी रिकामी आहे, सिलिंडरमध्ये ऑइल आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहून तो हँडलला बांधावा. आपण नसताना सालदार किंवा भाऊबंद यंत्र सुरू करायला जातो आणि त्याला हे ठाऊक नसते.

पुन्हा सुरू करताना

पहिल्या वापशाची वाट पाहू नये. नवतपा चालू असताना, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी हे काम उरकावे, म्हणजे काही बिघाड निघालाच तर दुरुस्तीला आठ-दहा दिवस हाताशी राहतात. आधी लाल चिंधी सोडावी, पंख्याच्या जाळीतून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे आणि नळ्या पुन्हा एकदा वाकवून तपासाव्यात. प्लग खोलून, छिद्रावर फडके धरून दोरी सात-आठ वेळा ओढावी, म्हणजे जादा ऑइल बाहेर पडते. प्लग पुसून किंवा नवा घेऊन बसवावा. विडरमध्ये ऑइलची पातळी पाहावी आणि त्याच दिवशी आणलेले पेट्रोल घालावे. विडरचा कॉक उघडून दोन मिनिटे थांबावे आणि वाटीच्या स्क्रूजवळ बोट फिरवून पाहावे. बोट ओले झाले तर वॉशर नीट बसलेला नाही, आणि तो बसवल्याशिवाय दोरीला हात लावू नये.

इंजिन सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे निळसर पांढरा धूर निघेल. मार्चमध्ये आपण घातलेले ऑइल जळत असते, त्यामुळे घाबरून बंद करू नये आणि वेगही वाढवू नये. धूर विरल्यावर चोक हळूहळू मोकळा करावा, पाच मिनिटे संथ चालू द्यावे, मग बंद करून गार झाल्यावर प्लग आणि नळीची क्लिप पुन्हा एकदा तपासावी, आणि टाकीत फक्त पुढच्या आठवड्याच्या कामापुरतेच पेट्रोल ठेवावे.